जांभळाची डहाळी, पळसाचं पान

बेलापूर,
९ जानेवारी १९७२

चि. रंगनाथ यास छबूआत्याचा आशीर्वाद.

कागद थोडा आन सांगायचं लई, म्हनून तुज्या तब्येतीचं शेवटी इचारते.

माज्या लेकीचं, आपल्या मुक्तीचं लग्न आडलं. साखरपुडा झाल्ता, होळीनंतरची तिथी धरली हुती. पुनतांब्याचं स्थळ, पोरगा गहिनीनाथ शाळेत मास्तर. वाकड्यात शिरनारा न्हाई, खालमानेनं बोलतो, आन मुक्तीच्या मनात भरलेला. मी इचारलं तवा ती चुलीकडं बघून हसली, म्हंजे मला कळलं.

परवा त्या पोराचे वडील श्रीमंतराव आन त्येची चुलती मांडवाचं ठरवायला आल्ते. च्या झाला. चुलती म्हनली, "आमच्या देवकाची काळजी तुमी नका करू. नदीकाठी जांभळी हायती, डहाळी आमीच घिऊन येऊ." मुक्तीच्या वडलांनी बशी तोंडाला लावली हुती, ती तशीच राह्यली. आरं, आमचंबी देवक जांभूळच!

त्या गोरक्ष मध्यस्थाला काय म्हनावं? त्यानं कुळी इचारली, जमीन इचारली, पोराला चष्मा हाय का तेबी इचारलं, आन देवक इचारायचं राह्यलं. कुळी येगळी म्हनल्यावर देवक येगळंच आसनार, आसं धरून चालला. शहाना!

आता तूच सांग. ज्येंचं देवक एक ती मानसं एका मुळाची. भैनीनं भावाच्या गळ्यात माळ घालायची का? श्रीमंतराव म्हनले, म्हाशिवरातीपोतर इचार करू. इचार कसला त्यो, मोडायचंच म्हनायचं, पन पहिल्यांदा कुनी म्हनायचं येवढंच राह्यलंय.

मुक्ती बोलत न्हाई. जेवती, भांडी घासती, पन बोलत न्हाई. पोर रडली आसती तर मला बरं वाटलं आसतं.

तू त्या कालिजात मानसांच्या चालीरीतीच शिकतोस म्हनं. मंग ह्यातनं काय वाट निघती का बघ. मला सोयरीक मोडायची न्हाई, आन रीतबी मोडायची न्हाई. तुजी तब्येत बरी हाय ना?

तुजी,
छबूआत्या

पुणे,
१५ जानेवारी १९७२

ती. आत्यास सा. नमस्कार.

कालच्या संक्रांतीचा तिळगूळ कागदावरच घे. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि खरं सांगू का, थोडं हसूही आलं. कारण तू जे विचारलंस त्यावरच मी एम. ए. चा प्रबंध लिहितो आहे.

समाजसुद्धा लहानाचा मोठा होतो, आत्या. माणूस आधी रानटी होता, शिकार करायचा, आणि एकेक टोळी एखाद्या झाडाला नाही तर जनावराला आपला पूर्वज मानायची. मग तो शेती करू लागला, अर्धा सुधारला. मग शाळा, कायदा, छापखाने आले आणि तो पुरता सुधारला. ह्या सगळ्या पायऱ्या आहेत. जगात कुठंही जा, माणसं ह्याच पायऱ्यांनी वर चढतात. देवक ही सगळ्यांत खालच्या पायरीवरची गोष्ट. माणसाची शेपूट गेली, पण पाठीच्या टोकाला माकडहाड राहिलं ना, तसंच. त्या हाडापायी कुणी लग्न मोडतं का?

तू आणि मुक्ताचे वडील, आपले सहादेवमामा, अजून खालच्या पायरीवर उभे आहात, म्हणून तुम्हांला हे अवघड वाटतं. एक पायरी वर या, म्हणजे दिसेल की अडचण अशी काही नाहीच. मुक्ता आणि गहिनीनाथ दोघं सज्ञान आहेत. घरात जमत नसेल तर पुण्याला नोंदणी पद्धतीनं लग्न लागतं. ना मांडव, ना देवक. साक्षीदार म्हणून मी सही करीन.

काळजी करू नकोस. मामांना नमस्कार.

तुझा,
रंगनाथ

बेलापूर,
२३ जानेवारी १९७२

चि. रंगनाथास आशीर्वाद, लायकी नसली तरी.

तुजं पत्र मुक्तीनं पोष्टमनकडून घेतलं, मंग मला दिलं. वाचून माज्या अंगाचा तिळपापड झाला. खालच्या पायरीवर? आरं, तुला नीट चालता येत नव्हतं तवा ह्याच आत्यानं कडेवर घिऊन जत्रा दाखवलीया. चार बुकं काय शिकलास, आत्याला रानटी म्हनाया लागलास व्हय? आन माकडहाडाचं म्हनतोस, तर येकदा त्याच्यावर आपटून बघ. मंग कळंल त्ये कामाचं हाय का न्हाई.

चोरून लग्न लावायचं, मंग पोरीनं माहेरला कुन्या तोंडानं यायचं? पहिल्या दिवाळीला तिला कोन आनायला जाईल? तिचं बाळंतपन कोन करंल, तुजे सरकारी साक्षीदार? मला वर चढायचं न्हाई, रंग्या. मला वाट पाह्यजे, आन तू मला जिना दाखिवतोस.

आन आता तुला सांगते, त्या पुनतांबेकरांचा तोराबी काय कमी न्हाई. साखरपुड्याला आमी पत्रावळी मांडल्या. पळसाची ताजी पानं, मुक्तीनं आन मी बसून टाचल्याली. सगळी पंगत बसली. तर पोराची आजी बनूबाई म्हनली, "आमच्या घरच्यांना पितळ्या द्या." सारा गाव पानावर जेवला आन ही मानसं ताटात! आमच्या हातच्या पत्रावळीला काय घान लागली हुती? पोराकडं बघून मी गप राह्यले. कवाकवा वाटतं, मोडतंय त्येच बरं. आन मंग मुक्तीकडं बघते आन जीव तुटतो.

मुक्ती आता बोलती, हसतीबी. त्येचं मला जास्तच भ्या वाटतं.

तिळगूळ पोचला न्हाई. गोड बोलायचं तुजं तूच इसरलास.

छबूआत्या

पुणे,
३१ जानेवारी १९७२

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. खरोखर जमिनीवर आडवा पडलो आहे असं समज.

तुझं पत्र खिशात घेऊन मी आमच्या सरांकडे गेलो. प्रबंधाचं पहिलं प्रकरणही नेलं होतं. सरांनी दोन्ही वाचलं. म्हणाले, "रंगनाथ, हा जिना कुणी बांधला?" मी म्हटलं, शंभर वर्षांपूर्वीच्या साहेब पंडितांनी. सर म्हणाले, "त्यांनी बांधला आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर आपली खुर्ची टाकली. तू आता त्या खुर्चीच्या हातावर टेकला आहेस. खाली उतर." माझं तोंड एवढंसं झालं.

मग त्यांनी समजावलं ते तुला सांगतो. उत्क्रांती म्हणजे जिना नव्हे, झाड आहे. त्याला फांद्या फुटत जातात. अमकी फांदी सुधारलेली आणि तमकी रानटी, असं झाडाला नसतं. चालीरीतींचंही तसंच. आईचं बघून लेक करते, लेकीचं बघून नात करते, आणि करताना कुठंतरी थोडा बदल होतो, कधी चूकही होते. पुढची पिढी ती चूकच बरोबर समजून उचलते.

आणि ही दुसरी गोष्ट तुझ्या कामाची. आपल्या बांधावरच्या बाभळीला काटे आहेत आणि निवडुंगालाही काटे आहेत. म्हणून ते काही भाऊ-भाऊ नव्हेत. कोरड्या रानात जगायचं तर दोघांनाही काटे लागले, एवढंच. तेव्हा दोन घरांचं देवक आज एकसारखं दिसतं म्हणून त्यांचं मूळ एकच, असं लगेच म्हणता येत नाही. मूळ कुठलं ते शोधायचं असेल तर जी गोष्ट आता कशालाच लागत नाही, पण घरात उगीच टिकून राहिली आहे, तिच्याकडे बघायचं. मी माकडहाडाची चेष्टा केली, पण शेपटीची साक्ष तेवढं एक हाडच देतं.

म्हणून विचारतो. बनूबाईंनी पितळ्या मागितल्या तो खरंच तोरा होता का? तुमच्या घरात जांभळाचं लाकूड कधी चुलीत जात नाही, कुऱ्हाड तर त्याला कुणी लावतच नाही. त्यांच्याकडे तसं आहे का, ते बघ. आणि त्यांची भावकी मूळची कुठली, तिकडे लग्नात देवक म्हणून काय आणतात, तेही काढ. भाऊबंद वेगळे राहिले तर एकाकडे बदललेलं दुसऱ्याकडे जुनंच राहिलेलं असतं.

माझं चुकलेलंही असेल, आत्या. त्यांचंही देवक मुळापासून जांभूळच निघालं, तर माझ्याकडे दुसरं औषध नाही. पण न बघता मोडू नकोस. आणि तू दोन पावलं टाकून जाऊन बघावंस, एवढंच मागतो. जिना विसर.

तुझा नालायक,
रंगनाथ

बेलापूर,
११ फेब्रुवारी १९७२

चि. रंग्यास लाख आशीर्वाद.

लग्न हाय रं! होळीनंतरचीच तिथी. पहिलं त्ये सांगून टाकलं, आता दम खाऊन बाकीचं लिहिते.

तुजं पत्र आलं तवा मुक्तीचे वडील म्हनले, पोरगं भरकटलंय. मी म्हनलं, भरकटलं आसंल तर आपुनबी थोडं भरकटून बघू, जातंय काय? गुळाची ढेप घेतली आन दोघं मोटारीनं पुनतांब्याला गेलो. मोडायलाच आले आसं समजून त्या घरातल्या बायका कोपऱ्याला जमल्या.

मी आधी परड्यात गेले, पाय धुवायचं निमित्त. तर हिरीच्या तोंडावर ह्ये येवढं आडवं लाकूड. कशाचं म्हनावं? जांभळाचं! मी श्रीमंतरावांना इचारलं. म्हनले, "आमच्या आज्यानं तोडून घातलंय. जांभूळ पान्यात कुजत न्हाई." देवकाच्या झाडाला कोन आसं हिरीवर घालतो?

मंग बनूबाईपाशी जाऊन बसले. म्हनलं, आत्याबाई, राग धरू नगा, पन त्या दिशी आमच्या पत्रावळीवर तुमी का जेवला न्हाई? म्हातारी बावरली. म्हनली, "अगं बया, तुज्या मनाला लागलं का? आमच्यात पळसाच्या पानावर जेवत न्हाईत. चुलीतबी घालत न्हाईत." का म्हनून इचारलं. "का ते ठावं न्हाई. माजी सासू म्हनायची, पान आपलं न्हाई, आपुन पानाचं." आन मी येड्यावानी महिनाभर तिच्या नावानं बोटं मोडत बसले हुते!

मी श्रीमंतरावांना सरळ इचारलं, तुमचं मूळ कुठलं? म्हनले, इथलंच. मान वर करंनात. तवा गहिनीनाथ म्हनला, "आबा, सांगा की. माजं लग्न जातंय."

मंग निघालं सगळं. त्येंचा आजा पाथर्डीकडचा. दुष्काळात डोक्यावर गाठोडं घिऊन गोदावरीच्या काठाला आला, सालदारी केली, हळूहळू जमीन केली. पोरीचं पहिलं लग्न निघालं तर जवळपास पळस घावंना. शेजारनीनं नदीवरनं जांभळाची डहाळी आनून दिली, म्हनली देवाला चालंल. पुढच्या पोरांनी मांडवात जांभूळच बघितलं, त्येच देवक म्हनून धरलं. बायका मातुर पळसाच्या पानावर जेवायच्या न्हाईत, तेवढं मागं राह्यलं.

"मंग भावकी?" मी म्हनलं. श्रीमंतराव म्हनले, "हाय. दर साली ऊस तोडाया येती. ह्या साली तुमच्याच बेलापूरच्या शिवारात पाचटाच्या कोप्या टाकल्यात. लोक म्हनतील ऊसतोड्यांचे भाऊबंद, म्हनून आमी वळख ठिवली न्हाई." गहिनीनाथ उठला, टोपी घातली, आन आमच्यासंगं मोटारीत बसला. बापानं आडवलं न्हाई.

कोप्यांपाशी पोचलो तर केशरबाई म्हनून येक बाई उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत हुती. तिचा नवरा छगन, म्हंजे श्रीमंतरावांचा थोरला चुलतभाऊ. गहिनीनाथानं पाया पडून इचारलं, काकी, आपलं देवक काय? ती म्हनली, "पळस. आनि काय आसनार?" आन मंग, "तू कोनाचा रं?" त्यानं सांगितलं, तसा तिनं त्येच्या तोंडावरनं हात फिरवला आन कानशिलावर बोटं मोडली.

रंग्या, मी तिथंच उसाच्या बांधावर बसून रडले. मुक्तीचे वडील म्हनाया लागले, आगं लोक बघत्यात. बघू दे!

तुज्या सरांना म्हनावं, छबूबाईचा नमस्कार. लग्नाला चार दिस आधी ये.

तुजी,
आत्या

पुणे,
२७ फेब्रुवारी १९७२

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी अशी उडी मारली की खोलीतला सोबती खाटेवरून पडला. आत्या, मी काय सुटलो म्हणून सांगू! रात्रंदिवस वाटत होतं, आपण आत्याला नसती आशा लावली.

पण माझंच नशीब फाटकं. अंगभर कांजिण्या आल्या आहेत. डॉक्टरांनी हलू नकोस म्हटलंय. मुक्ताच्या लग्नाला मी नाही, ह्याचं इतकं वाईट वाटतं की लिहवत नाही. सगळं बारीकसारीक कळव. सर म्हणतात हे सगळं प्रबंधात यावं, पण आधी तुझी परवानगी घे.

तुझा,
रंगनाथ

बेलापूर,
९ मार्च १९७२

चि. रंगनाथास आशीर्वाद. फोड खाजवू नको. कडुनिंबाच्या पान्यानं आंघूळ कर.

लग्न झालं. लई चांगलं झालं. इलेक्शनच्या जीपा भोंगं लावून फिरत हुत्या, त्येंच्या आवाजात मंगलाष्टका कुनाला धड ऐकू आल्या न्हाईत, तरी झालं.

त्येंच्या घरात देवक कोन आननार ह्यावर आदल्या दिशी कुजबुज चालल्याली. श्रीमंतराव कुनाला न सांगता बैलगाडी जुंपून आमच्या शिवारात आले, ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलले, आन छगन-केशरबाईला घिऊन गेले. नवराबायकोच्या पदराची गाठ मारून त्या दोघांनी देवक आनलं. आता फागुनात पळसाला पान कुठलं? नुसती तांबडी फुलं. पुनतांब्यात मारुतीपासनं त्येंच्या मांडवापोतर वाजतगाजत आले, बनूबाईनंच मला सांगितलं. मांडवाच्या दारात श्रीमंतराव साऱ्या गावादेखत वाकले आन छगनच्या पाया पडले. म्हनले, "दादा, आत या." छगन म्हनला, "आरं, पाया काय पडतो, डहाळी धर. माजा हात आवघडला." सगळे हसले, श्रीमंतरावबी हसले, आन डोळं पुसले.

पुनतांबेकरांना ह्या टायमाला केळीची पानं मांडली. बनूबाईला मीच वाढलं.

पोर गाडीत बसली तवा मागं बघत हुती. जाऊ दे, ते मी लिहीत न्हाई.

तुजी,
आत्या

पुणतांबा,
१४ मार्च १९७२

प्रिय रंगदादास मुक्ताचा नमस्कार.

कांजिण्यांचे व्रण तोंडावर राहिले का? राहिले तर तुला कोण मुलगी देणार? मी इथं सुखात हाय. सासूबाई शांत आहेत. बनूआजी मला सारखं खायला घालते.

दादा, तुला एक गोष्ट सांगते, हसू नकोस. तुझं पहिलं पत्र आईच्या आधी मी वाचलं. नोंदणीचं वाचलं आणि मनात धरून बसले. ह्यांना निरोप पाठवला. हे घाबरले, पण हो म्हणाले. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही दोघं तुझ्या वसतिगृहाच्या दारात उभं राहणार होतो. मी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. तू जिना विसर म्हणून लिहिलंस, आई पुणतांब्याला गेली, आणि सगळं फिरलं. नाहीतर मी आईला तोंड कसं दाखवलं असतं? सुटले बाई एकदाची!

आईला ह्यातलं काही कळवू नकोस. ती आत्ता कुठं निवांत झोपायला लागली असंल.

तुझी बहीण,
मुक्ता

बेलापूर,
२० मार्च १९७२

चि. रंगनाथास आशीर्वाद.

पाडव्याला मुक्ती आन जावई आल्ते. दोघं मजेत हायती. तुज्या प्रबंधाचं इचारलंस, तर खुशाल लिही, पन गावाची नावं बदल. आन आमी आधी मागासल्याले हुतो न मंग सुधारलो, आसलं काय लिहू नको. आमी हुतो तसेच हाय. आमच्या येका डहाळीची चूक झाल्ती, ती सापडली, येवढंच लिही.

आता येक तुज्यापाशीच बोलते, कारन दुसऱ्या कुनापाशी बोलाया येत न्हाई. तुजं पहिलं पत्र आलं त्येच्या आठवड्याभरात दान्याच्या कनगीमागं मला मुक्तीची पिशवी घावली. दोन साड्या, शाळंचा दाखला, आन तुजा पत्ता. पहिल्यांदा वाटलं, हिला खोलीत कोंडावी. मंग वाटलं, वडलांना सांगावं. आन मंग मनात आलं, पुन्याला जायाला आख्खा दिस मोडतो, आन ह्या पोरीला वाटंत कुनापाशी मागून खायाची सवय न्हाई. म्हनून शेंगदान्याचे लाडू केले, फडक्यात बांधून पिशवीच्या तळाला घातले, आन पिशवी हुती तशी मागं सारली.

पुनतांब्याहून लग्न पक्कं करून आले, त्या दिशी तिच्या आधी जाऊन मी ते लाडू काढले आन लग्न ठरल्याचं तोंड गोड म्हनून आळीत वाटले. मुक्तीनंबी दोन खाल्ले. तिला ह्यातलं काय बोलू नको.

तुजी,
छबूआत्या